सविराम व्यायाम व मध्यमवयीन पुरुष : एका संज्ञेचा इतिहास

१

शास्त्रीय संज्ञेचा इतिहास म्हणजे त्या शास्त्रातील विचाराचा इतिहास, असे सामान्यतः मानले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. पुष्कळदा विचार पुढे सरकतो आणि शब्द मागे राहतो. किंवा शब्द तोच राहून त्यातील भार एका घटकावरून दुसऱ्या घटकावर जातो आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. गेल्या सुमारे शंभर वर्षांत व्यायामशास्त्रात रूढ झालेली ‘इंटरव्हल’ ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण आहे. आज व्यायामशाळांतून ‘हिट’ या आद्याक्षरी नावाने जो व्यायाम सांगितला जातो, त्याच्या पूर्ण नावात तीव्रता आणि विराम असे दोन घटक आहेत. व्यवहारात मात्र पहिलाच ऐकू येतो. दुसरा आद्याक्षरांत लोपून गेला आहे.

प्रस्तुत लेखात दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत. एक धावपटूंच्या सरावपद्धतीचा, दुसरा मध्यमवयीन पुरुषाच्या हृदयाविषयीच्या चिंतेचा. हे दोन्ही प्रवाह दीर्घकाळ एकमेकांस न भेटता वाहत होते. ते एकत्र आल्यावर संज्ञेचे काय झाले, आणि त्या अर्थांतराची किंमत कोणाला मोजावी लागू शकते, हा येथील खरा प्रश्न आहे.

२

मूळ लॅटिन शब्द ‘इंटरव्हालुम्’. ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘व्हालुम्’ म्हणजे खुंटांची तटबंदी. दोन तटांच्या मधली मोकळी जागा, हा त्याचा आद्य अर्थ. स्थलवाचक शब्द कालवाचक व्हावा ही सर्व भाषांतून आढळणारी प्रक्रिया आहे. आपल्या ‘अंतर’ व ‘अवकाश’ या शब्दांचेही तसेच झाले. युरोपीय संगीतात या शब्दाला स्वरांतराचा अर्थ आला, रंगभूमीवर मध्यंतराचा. मराठी प्रेक्षकाला ‘इंटरव्हल’ म्हटले की चित्रपटगृहातील मध्यंतर आठवते, आणि तो अर्थ मुळाशी प्रामाणिकच आहे. सर्वत्र एक गोष्ट स्थिर आहे : इंटरव्हल म्हणजे तट नव्हे, तटांमधली जागा, श्रम नव्हे, श्रमांमधला विराम.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धावण्याच्या सरावात विरामाला पद्धतशीर स्थान मिळू लागले. फिनलंडमध्ये लाउरी पिहकाला याने श्रम व विश्रांती यांच्या आवर्तनाचा पुरस्कार केला. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर याने १९३० नंतरच्या दशकात ‘फार्टलेक’ ही पद्धत मांडली. ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ. वनातील वाटांवरून मनाला येईल तेव्हा वेग वाढवावा, मनाला येईल तेव्हा कमी करावा, असे तिचे स्वरूप होते. तिच्यात विराम होता, पण मोजलेला नव्हता.

विराम मोजण्याचे काम जर्मनीत झाले. वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. पुढे गेर्शलर व फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी ‘इंटरव्हल’ पद्धतीला शास्त्रीय रूप दिले. त्यांचा विधी थोडक्यात असा : प्रथम हलक्या धावण्याने नाडी मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांवर आणावी, मग १०० ते २०० मीटरचा टप्पा अशा वेगाने धावावा की ती १८० च्या आसपास जाईल, त्यानंतर ती पुन्हा १२० वर येईपर्यंत थांबावे. हे उतरणे दीड मिनिटात झाले नाही, तर श्रम प्रमाणाबाहेर झाले असे समजून टप्पा सौम्य करावा.

या विधीत नियामक सत्ता विरामाकडे आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढचा टप्पा केव्हा घ्यावयाचा व किती वेगाने, हे विरामात नाडी कशी उतरते यावरून ठरते. राइंडेल यांची उपपत्तीही अशीच होती की, हृदयाला खरी चालना मिळते ती धावताना नव्हे, तर धावणे थांबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत. त्या वेळी हृदय अधिक भरते आणि एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकते. पुढील शरीरशास्त्रज्ञांनी हा खुलासा जसाच्या तसा स्वीकारला नाही. तथापि संज्ञेच्या इतिहासात त्याचे महत्त्व कमी होत नाही; कारण ‘इंटरव्हल’ हे नाव पद्धतीला मिळाले ते विराम हाच तिचा गाभा मानला गेल्यामुळे. गेर्शलरचा आणखी एक शिष्य, लक्झेंबर्गचा जोझी बार्थेल, याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले आणि फ्रायबुर्गची कीर्ती दूरवर पसरली.

त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच्या सरावात ४०० मीटरचा टप्पा कधी चाळीस वेळा येत असे आणि मधला विरामही मंद धावण्याचाच असे. दोन वर्षांनी, ६ मे १९५४ रोजी, रॉजर बॅनिस्टर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला. त्याने त्यापूर्वी ४४० यार्डांचे दहा टप्पे, दोन दोन मिनिटांच्या विरामाने, सरासरी ५९ सेकंदांपर्यंत आणले होते. झाटोपेक व बॅनिस्टर यांची नावे सर्वतोमुखी झाली तेव्हापासून संज्ञेतील भार सरकू लागला. लोक टप्पे मोजू लागले. विराम हा टप्प्यांच्या मधला अपरिहार्य रिकामा वेळ ठरला.

३

या सरकण्याला विरोध करणारा एक महत्त्वाचा प्रयोग १९६० साली स्टॉकहोमहून प्रसिद्ध झाला. इर्मा ऑस्ट्रांड, पेर-ओलोफ ऑस्ट्रांड, क्रिस्टेन्सेन व हेडमन या चौघांनी प्रयोगशाळेतील सायकलवर एकाच माणसाकडून तासाभरात तेवढेच एकूण काम करवून घेतले; बदलली ती फक्त श्रम व विराम यांची वाटणी. श्रम व विराम अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे ठेवले तेव्हा काम सुसह्य वाटले आणि रक्तातील लॅक्टिक आम्ल फारसे वाढले नाही. तेच तीन तीन मिनिटांचे केले, तेव्हा श्रम व विराम यांचे प्रमाण तेच असूनही माणूस गळून गेला. एकूण काम, भार आणि विश्रांतीची बेरीज या तिन्ही गोष्टी समान असता शरीराला पडणारे श्रम मात्र निराळे निघाले, आणि हा फरक केवळ विराम किती वेळाने येतो यावर अवलंबून होता. भाषेच्या अभ्यासकाला यात विरामचिन्हांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही : शब्द तेच असले तरी विराम कोठे पडतो यावर वाक्याचा अर्थ ठरतो.

या प्रयोगांतील माणसे बहुधा तरुण व सुदृढ होती, याची नोंद येथेच करून ठेवली पाहिजे.

४

आता दुसरा प्रवाह. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयाच्या रोहिणींच्या विकाराने मध्यम वयातच दगावणाऱ्या पुरुषांची संख्या चिंताजनक झाली होती. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक-सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असतो. वर्ग एक, शहर एक, मालक एक. तरी वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले आणि तो झालाच तर सौम्य स्वरूपाचा आढळला. टपालखात्यातही पत्रे वाटत फिरणारे व बैठे काम करणारे यांच्यात असाच भेद दिसून आला.

मॉरिस यांची थोरवी अशी की, आपल्या निष्कर्षावरील आक्षेप त्यांनी स्वतःच शोधला. गणवेशांच्या मापांवरून त्यांनी १९५६ साली दाखविले की चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त आहे. तेव्हा प्रश्न असा उरला की, बैठ्या कामाने माणसे स्थूल झाली, की स्थूलतेकडे कल असलेली माणसेच बैठ्या कामाकडे वळली? धंद्यावरून याचा निर्णय होणे कठीण होते. म्हणून त्यांनी फावल्या वेळेकडे मोर्चा वळविला. १९६८ ते १९७० या काळात ४० ते ६४ वयाच्या १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी, आदल्या शुक्रवारी व शनिवारी त्यांनी काय काय केले, ते लिहून देण्यास सांगण्यात आले. हे सर्व खुर्चीत बसून काम करणारे पुरुष होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांनी जोरकस व्यायाम नोंदविला होता, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे एकतृतीयांश होते. सौम्य हालचालींच्या बेरजेने मात्र तसा लाभ दिसला नाही.

येथे ‘जोरकस’ हा शब्द प्रथमच मध्यमवयीन पुरुषाच्या वाट्याला आला. बसच्या जिन्याने ‘हालचाल’ शिकविली होती. अधिकाऱ्यांच्या नोंदींनी ‘तीव्रता’ शिकविली. परंतु या तीव्रतेचा विरामाशी अद्याप काही संबंध नव्हता. अमेरिकेत १९६८ साली हवाई दलातील वैद्य केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले आणि रस्तोरस्ती मंद धावणाऱ्या प्रौढांची लाट उसळली. ती अखंड धावण्याची लाट होती. धावण्यावरील अत्यंत खपाच्या पुस्तकाचा लेखक जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावत असतानाच हृदयविकाराने मरण पावला, तेव्हा त्या लाटेला शंकेचे गालबोट लागले.

ही शंका निराधार नव्हती, पण तिचे खरे स्वरूप १९९३ साली स्पष्ट झाले. मिटलमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयाघात झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून दाखविले की, तीव्र श्रमानंतरच्या तासाभरात हृदयाघाताचा धोका वाढतो. परंतु किती वाढतो हे सवयीवर अवलंबून असते. आठवड्यातून एकदाही असे श्रम न करणाऱ्यात तो १०७ पट, तर आठवड्यातून पाच वा अधिक वेळा करणाऱ्यात २.४ पट आढळला. कोणत्याही एका तासातील मूळ धोका अतिशय लहान असतो, हे ध्यानात ठेवूनही या दोन आकड्यांतील दरी बोलकी आहे. धोका तीव्रतेत नाही. सवय नसलेल्या तीव्रतेत आहे.

५

मध्यम वयाविषयी सर्वांत उद्बोधक कथा डॅलस येथील आहे. १९६६ साली तेथे विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटली. नंतरच्या आठ आठवड्यांच्या सरावाने ती भरून निघाली व वाढली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा शोधून बोलावण्यात आले. त्यांचे सरासरी वजन ७७ वरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातील मेदाचे प्रमाण १४ वरून २८ टक्के झाले होते. तरीही तीस वर्षांत त्यांची शक्ती जेवढी घटली होती, ती विसाव्या वर्षीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटली होती त्यापेक्षा कमी होती. काळाने तीस वर्षांत केले नाही ते निष्क्रियतेने एकवीस दिवसांत केले होते. सहा महिन्यांच्या क्रमाक्रमाने वाढविलेल्या चालण्या-धावण्याने व सायकलिंगने ही तूट भरून निघाली. मात्र विशीत सराव केल्यावर हृदय अधिक रक्त फेकू लागले होते. पन्नाशीत तसे झाले नाही, लाभ झाला तो स्नायूंनी रक्तातील प्राणवायू अधिक प्रमाणात उचलल्यामुळे. हृदय स्वतः बदलले नव्हते.

हृदय बदलू शकते का, या प्रश्नाला पुढचे उत्तरही डॅलसमधूनच २०१८ साली आले, आणि येथेच आपले दोन प्रवाह मिळतात. तोपर्यंत ‘इंटरव्हल’ संज्ञेने आणखी दोन वळणे घेतली होती.

६

पहिले वळण जपानी. १९९६ साली इझुमी ताबाता व सहकाऱ्यांनी वीस सेकंद पराकाष्ठेचे श्रम व दहा सेकंद विराम, असे सात-आठ फेरे सहा आठवडे करविल्यास काय होते हे प्रसिद्ध केले. ही पद्धत मूळची जपानच्या बर्फावरील वेगवान स्केटिंगच्या राष्ट्रीय चमूची. कमाल प्राणवायु-ग्रहण तर वाढलेच, शिवाय प्राणवायूवाचून श्रम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. ‘चार मिनिटांचा व्यायाम’ म्हणून या प्रयोगाची जगभर कीर्ती झाली. कीर्तीबरोबर तीन गोष्टी मात्र प्रवास करू शकल्या नाहीत : प्रयोगातील माणसे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होती, चार मिनिटांआधी दहा मिनिटांची सौम्य तयारी होती, आणि आठवड्यातील एक दिवस अर्धा तास अखंड व्यायामाचा होता.

दुसरे वळण नॉर्वेतील. ट्रोन्डहाइम येथे चार मिनिटांचे चार टप्पे व मध्ये तीन मिनिटांचा सौम्य हालचालीचा विराम, अशी पद्धत रूढ झाली. टप्प्यात नाडी स्वतःच्या कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर न्यावयाची. २००७ साली उल्रिक विस्लोफ व सहकाऱ्यांनी ती हृदय दुर्बल झालेल्या, सरासरी ७५ वयाच्या २७ रुग्णांच्या अभ्यासात वापरली. सविराम तीव्र व्यायाम करणाऱ्यांचे प्राणवायु-ग्रहण ४६ टक्क्यांनी वाढले, अखंड मध्यम व्यायाम करणाऱ्यांचे १४ टक्क्यांनी. तरुण धावपटूंचे साधन आता रुग्णालयात आले होते. २०१२ साली नॉर्वेतील ४,८४६ हृदयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली : मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय थांबून एक मृत्यू, तर तीव्र सविराम व्यायामाच्या ४६,३६४ तासांत हृदय थांबण्याच्या दोन घटना, दोन्ही रुग्ण वाचले. देखरेखीखाली धोका अल्प आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

परंतु २०१७ साली अनेक केंद्रांत मिळून २६१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सविराम पद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले नाही. त्या चाचणीतील एक तपशील निष्कर्षाइतकाच मोलाचा आहे. ‘तीव्र’ गटातील ५१ टक्के रुग्ण नेमून दिलेल्या तीव्रतेच्या खाली राहिले आणि ‘मध्यम’ गटातील ८० टक्के तिच्या वर गेले. दोन गटांना दोन नावे होती. शरीरांनी मात्र ती नावे फारशी मानली नाहीत.

डॅलसच्या २०१८ मधील अभ्यासात ४५ ते ६४ वयाचे, निरोगी पण बैठ्या सवयीचे ६१ स्त्रीपुरुष होते. ५३ जणांनी तो पुरा केला. दोन वर्षे चाललेल्या या कार्यक्रमाचा आरंभ सौम्य व्यायामाने झाला, भार महिन्यामहिन्याने वाढविला गेला आणि मग आठवड्यातील मोजक्या दिवशी नॉर्वेच्या पद्धतीचे चार टप्पे आले. उरलेले दिवस मध्यम वा हलक्या व्यायामाचे. योगासने, तोल व ताकद यांचे व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात बदल दिसला नाही. पहिल्या गटाचे कमाल प्राणवायु-ग्रहण सुमारे १८ टक्क्यांनी वाढले आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेचा ताठरपणा कमी झाला. पन्नाशीतले हृदय मऊ होऊ शकते. मात्र ते चार मिनिटांत नव्हे, दोन वर्षांत.

७

आता मराठीकडे वळू. या व्यायामाला आपण कोणते नाव द्यावयाचे, हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. आपल्या भाषेत श्रमाचे जे शब्द आहेत, त्यांत प्रत्येकाचा भार निराळा आहे. ‘व्यायाम’ हा ‘यम्’ धातूपासून आलेला शब्द ताणण्याचा, विस्तारण्याचा अर्थ देतो. ‘कसरत’ मूळ अरबी. त्याचा अर्थ विपुलता, पुष्कळपणा. म्हणजे पुनःपुन्हा करणे. तालमीतील जोर व बैठका संख्येने सांगितल्या जातात. मधला विराम भाषेत मोजला जात नाही. मात्र विरामाचा शब्द आपल्याकडे नाही असे नव्हे. फारसीतून आलेला ‘दम’ म्हणजे श्वास. दम लागतो, तसाच दम खाल्लाही जातो. चढण चढणारा माणूस ‘जरा दम खातो’ आणि पुढे निघतो. एकाच शब्दात श्रमाची खूण आणि विरामाची गरज सामावली आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम अर्ध्या बळाने करावा असे सांगून त्या अर्ध्या बळाची खूण दिली आहे ती श्वासाचीच : हृदयस्थानचा वायू मुखावाटे येऊ लागला की मर्यादा आली. वय, बळ, देश, काल, आहार यांचा विचार करूनच व्यायाम करावा, असेही तेथे म्हटले आहे. यावरून आधुनिक पद्धत प्राचीनांना ठाऊक होती असा दावा करणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. अर्ध्या बळाचा उपदेश आणि ९० टक्क्यांचा उपदेश एक नव्हेत. साम्य आहे ते एवढेच की, दोन्हीकडे माप बाहेरचे नाही, ज्याचे त्याचे आहे.

आणि येथेच ‘तीव्र’ या विशेषणाचा घोटाळा उलगडतो. ‘तीव्र’ हे सापेक्ष विशेषण आहे. ‘उंच मुंगी’ व ‘उंच हत्ती’ यांत ‘उंच’ शब्दाला एक माप नाही, तसेच येथे. प्रयोगशाळेच्या भाषेत तीव्रता म्हणजे त्या त्या माणसाच्या स्वतःच्या मर्यादेचा काही अंश. पन्नाशीतल्या बैठ्या माणसाला चढावर झपाझप चालणेही ९० टक्के होऊ शकते. बाजारातील भाषेत मात्र तीव्र म्हणजे विशीतला खेळाडू करतो ते. पहिल्या अर्थाने घेतलेला उपदेश हृदयाला लवचिकपणा देतो. दुसऱ्या अर्थाने घेतला आणि मध्यमवयीन पुरुष सवय नसता एका सकाळी तो अमलात आणू लागला, तर मिटलमन यांच्या आकड्यांतील चुकीच्या बाजूस तो जाऊन उभा राहतो. अर्थांतराची किंमत म्हणतात ती ही.

म्हणून ‘उच्च-तीव्रता प्रशिक्षण’ असे, विराम गाळून केलेले भाषांतर टाळावे आणि ‘सविराम व्यायाम’ ही संज्ञा स्वीकारावी, असे सुचवावेसे वाटते. तीव्रता सांगावयाची असेल तेथे ‘तीव्र सविराम व्यायाम’ म्हणावे; पण विराम नामातून जाऊ देऊ नये. आपल्याकडे ‘चाळिशी’ हा शब्द वयालाही लावतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही. त्या वयात जवळचे अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी साहाय्य घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. स्वतःची मर्यादा वैद्याकडून समजून घेण्यात, हळूहळू वाढण्यात आणि मध्ये दम खाण्यातही तो वाटू नये. डॅलसच्या पाच पुरुषांनी दाखविले की पन्नाशीला उशीर झालेला नसतो. फ्रायबुर्गच्या विधीने त्याआधीच शिकविले होते की पुढचे पाऊल केव्हा टाकावयाचे हे विराम ठरवितो. या दोन्ही गोष्टी एका शब्दात राहू शकत असतील, तर तो शब्द जपून वापरणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.